घोरणं मध्येच थांबतं तेव्हा



घरात कुणी घोरत असलं की आपण म्हणतो, "किती गाढ झोप लागलीय!" पण रोज मोठ्यानं घोरणं, मध्येच आवाज एकदम बंद पडणं, मग गुदमरल्यासारखा श्वास घेऊन पुन्हा घोरणं, ही गाढ झोप नव्हे. तेवढा वेळ श्वासच थांबलेला असतो. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात.

झोपेत घसा सैल पडतो, जीभ मागे जाते आणि श्वासाची वाट बंद होते. कधी १० सेकंद, कधी त्याहून जास्त. हे रात्रभर होत राहिलं तर रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. दिवसा गाडी चालवताना डुलकी लागू शकते.

बायकांनाही हा आजार होतो, पाळी गेल्यावर जास्त. सकाळी डोकं दुखतं, दिवसभर थकवा राहतो. आपण मात्र कामाचा शीण म्हणून सोडून देतो.

यात दातांचे डॉक्टर काय करणार? ते दातांचं माप घेऊन एक साचा बनवतात. तो वरच्या आणि खालच्या दातांवर बसवून झोपायचं. त्यानं खालचा जबडा थोडा पुढे राहतो, त्याबरोबर जीभही पुढे येते आणि वाट मोकळी राहते. सुरुवातीला लाळ सुटते, जबडा दुखतो. दातांची ठेवणही बदलू शकते, म्हणून अधूनमधून तपासून घ्यावं लागतं.

आजार सौम्य किंवा मध्यम असेल तर हा उपाय चालतो. जास्त असेल तर नाकावाटे हवा देणारं सीपॅप मशीन लागतं. म्हणून आधी डॉक्टरांकडून झोपेची तपासणी करून घ्या. बाजारातला तयार साचा आणून परस्पर लावू नका.

आणखी एक. साचा दातांच्याच आधारानं बसतो. मिश्री-तंबाखूनं हिरड्या खराब होऊन दात हलायला लागले, की हा उपायही हातचा जातो.

आज रात्री एवढंच करा. शेजारी घोरणाऱ्याचा आवाज थांबला की घड्याळ बघा, मोबाईलवर आवाज टिपून घ्या आणि डॉक्टरांना ऐकवा. झोपलेल्याला स्वतःचं काही कळत नसतं. जागं असतं त्यानंच सांगायला हवं.