तोल आणि त्याची परीक्षा

आपल्या शरीरांतील पुष्कळशा शक्तींची जाणीव माणसाला त्या क्षीण होऊं लागल्यावरच होते. दृष्टि मंदावली म्हणजे डोळ्यांची किंमत कळते, भूक मेली म्हणजे जठराची. तोलाची गोष्ट याहूनहि विलक्षण आहे. दृष्टि, श्रुति, स्पर्श यांना ज्ञानेंद्रियांत मानाचें स्थान मिळालें. परंतु दोन पायांवर ताठ उभें राहण्याची जी शक्ति, तिची पंचेंद्रियांच्या यादींत नोंदच झाली नाहीं. डोंबाऱ्याची पोर दोरावरून चालूं लागली म्हणजे भोंवतालची गर्दी श्वास रोखून पाहते. पण त्या गर्दींतील प्रत्येक जण त्याच क्षणीं तीच करामत जमिनीवर करीत उभा असतो, हें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं.

तोल सांभाळण्याच्या कामीं मेंदूला तीन ठिकाणांहून वर्तमान मिळत असतें. एक डोळ्यांकडून. दुसरें आंतल्या कानाकडून. तेथें प्रत्येक बाजूस तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याच्या वळण्याची आणि दोन चिमुकल्या पिशव्या, त्यांतील चुनखडीच्या सूक्ष्म कणांच्या साहाय्यानें, डोक्याच्या कलण्याची वर्दी देत असतात. तिसरें वर्तमान तळपाय, सांधे आणि स्नायू यांच्याकडून येतें. हे तीन साक्षीदार एकमेकांशीं ताडून पाहणें आणि त्याप्रमाणें स्नायूंना हुकूम सोडणें, यांत लहान मेंदूचा वांटा मोठा आहे. तिघांपैकीं एक साक्षीदार मुका झाला तरी उरलेले दोघे काम निभावून नेतात. दोघे मुके झाले कीं मनुष्य कोसळतो. तोलाच्या बहुतेक परीक्षांचें मर्म एवढ्यांतच आहे. परीक्षक एकेका साक्षीदाराला कचेरीबाहेर काढतो आणि उरलेल्यांच्या जबानीवर खटला कितपत टिकतो, तें पाहतो.

परीक्षेच्या आधीं रोग्याचें म्हणणें नीट ऐकावें लागतें, आणि या बाबतींत मराठी भाषेनें डॉक्टरांचें काम पुष्कळसें सोपें करून ठेवलें आहे. घर गरगर फिरल्यासारखें वाटतें ती घेरी. अंथरुणांतून उठतांक्षणीं डोळ्यांपुढें काळोख दाटतो ती अंधारी. भान हरपून जमिनीवर बसावें लागतें ती भोवळ. आणि डोकें अगदीं स्वच्छ असतांना पाऊल मात्र भलतीकडे पडतें, त्याला तोल जाणें म्हणतात. घेरीचें मूळ पुष्कळदां कानांत सांपडतें, अंधारीचें रक्तदाबांत, भोवळीचें हृदयांत किंवा रक्ताभिसरणांत, आणि तोल जाण्याचें पायांच्या मज्जातंतूंत अथवा लहान मेंदूंत. परंतु रोगी दवाखान्याची पायरी चढला कीं या चारींना मिळून 'चक्कर' असें एकच नांव देतो, आणि चार वाटा एका शब्दांत बुजून जातात. घरांतील सुशिक्षित माणसांनीं वडील माणसाला नेमकें काय होतें हें आधींच विचारून ठेवलें, तर अर्धें निदान घरींच होऊन जातें. अंधारीची परीक्षा तर अगदीं साधी आहे. रोग्याला निजवून रक्तदाब मोजावयाचा, आणि उभा केल्यावर तीन मिनिटांच्या आंत पुन्हां मोजावयाचा. वरचा आंकडा २० किंवा अधिक अंशांनीं उतरला, तर दोष कानाचा नव्हे; तेव्हां पोटांत जाणाऱ्या औषधांचा आणि पाण्याचा विचार प्रथम करावा लागतो.

तोलाच्या परीक्षांत सर्वांत जुनी आणि अद्यापहि नित्य वापरांत असलेली परीक्षा बर्लिनच्या मोरिट्झ रोंबर्ग या वैद्याच्या नांवानें ओळखली जाते. रोंबर्गचा काळ १७९५ ते १८७३. मज्जारज्जूचा मागचा भाग झिजलेले रोगी उजेडांत बरे चालतात, पण डोळे मिटतांच झोकांड्या खाऊं लागतात, हें त्यानें नमूद करून ठेवलें. परीक्षेची रीत अशी: रोग्यानें दोन्ही पाय जुळवून उभें राहावें, प्रथम डोळे उघडे, मग मिटलेले. डोळे उघडे असतांनाच जो डोलतो, त्याचा दोष लहान मेंदूंत असण्याचा संभव अधिक. उघड्या डोळ्यांनीं स्थिर राहून जो मिटल्याबरोबर ढळतो, त्याच्या पायांकडून येणारें वर्तमान तुटलेलें आहे, किंवा कानाचा साक्षीदार अधू झाला आहे, असें समजावें. असा मनुष्य दिवसां घरभर हिंडतो, आणि न्हाणीघरांत तोंडाला साबण लावून डोळे मिटले कीं पडतो. दीर्घकाळच्या मधुमेहांत हें घडतें; तसेंच शरीरांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव झाल्यानेंहि घडतें. शुद्ध शाकाहारी कुटुंबांतील वृद्धांच्या बाबतींत ही दुसरी गोष्ट विसरतां कामा नये, कारण ती वेळीं ओळखली तर तिच्यावर उपाय आहे. मधुमेही रोग्याच्या पायांची स्वतंत्र परीक्षा सेकंदास १२८ कंपनें करणाऱ्या नादकाट्यानें आणि १० ग्रॅम दाबानें वांकणाऱ्या नायलॉनच्या तंतूनें करतात. तंतूचा स्पर्श ज्या तळव्याला कळत नाहीं, त्याला जमिनीचा खळगा तरी कसा कळावा?

कानाच्या परीक्षांचा पाया व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यानें घातला. कान धुतांना पाणी थंड असलें कीं रोग्याला घेरी येते व डोळे ठरावीक दिशेनें थरथरतात, आणि पाणी ऊन असलें तर ती थरथर उलट दिशेनें होते, हें त्याच्या लक्षांत आलें. त्यावरून दोन्ही कानांची शक्ति निरनिराळी पारखतां येऊं लागली. या कार्याबद्दल त्याला १९१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां तो महायुद्धांत रशियाचा कैदी होता. पुढें १९५२ सालीं लंडनमध्यें मार्गारेट डिक्स व चार्ल्स हॉलपाइक यांनीं एक परीक्षा वर्णन केली. रोग्याचें डोकें एका बाजूस वळवून त्याला झटकन उताणें निजवावयाचें, आणि डोकें मंचकाच्या कडेखालीं किंचित् लोंबतें ठेवून डोळे पाहावयाचे. कुशीवर वळतांना ज्यांना घर फिरल्यासारखें होतें, त्यांच्या कानांतील चुनखडीचे कण बहुधा आपली जागा सोडून नलिकेंत शिरलेले असतात. अशांचे डोळे या वेळीं थरथरूं लागतात. अमेरिकेच्या जॉन एपली यानें १९९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या उपायानें, डोकें क्रमाक्रमानें फिरवून, हे कण पुन्हां स्वस्थानीं नेतां येतात, आणि कित्येकांची महिनोन्‌महिन्यांची घेरी एकाच बैठकींत थांबते. मात्र मानेचें दुखणें असणाऱ्यांवर हा प्रयोग घरच्या घरीं करूं नये. तें जाणत्याचें काम आहे.

आतां या परीक्षा प्रत्यक्ष जीवनाशीं कशा भिडतात, तें पाहण्यास भिवंडी तालुक्यांतील वडपे गांवासारखें दुसरें ठिकाण नाहीं. गांव मुंबई–नाशिक महामार्गावर आहे. या भागांत एकीकडे भातखाचरांचे अरुंद बांध, दुसरीकडे गोदामें, आणि मधून रात्रंदिवस अवजड मोटारींचा राबता. पावसाळ्यांत निसरड्या बांधावरून जाणारा मनुष्य एका पावलापुढें दुसरें पाऊल टांचेला आंगठा भिडवून टाकतो; डॉक्टर दवाखान्याच्या फरशीवर हीच चाल करवून घेतात. गोदामांत पोतें घेऊन फळीवरून चढणारा हमाल, रस्ता ओलांडतांना चालतां चालतां मान दोहोंकडे वळवणारी म्हातारी, अंधारांत परसाकडे जाणारा वृद्ध, हे सर्व नित्य परीक्षाच देत असतात. फरक एवढाच कीं त्या परीक्षेंत नापास होणाऱ्याचें हाड मोडतें. दवाखान्यांतील परीक्षेंत तें मोडण्यापूर्वीं सूचना मिळते.

वृद्धांसाठीं सर्वांत सुटसुटीत परीक्षा 'उठा आणि चाला' ही होय. मथायस, नायक आणि आयझॅक्स या तिघांनीं ती १९८६ सालीं मांडली. पोडसियाडलो व रिचर्डसन यांनीं १९९१ सालीं तिला घड्याळाची जोड दिली. खुर्चींतून उठावें, तीन मीटर चालावें, वळावें, परत येऊन बसावें. याला १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर पडण्याचा धोका आहे असें समजून पुढील तपासणी करतात. दुसऱ्या एका परीक्षेंत चार पायऱ्या आहेत: पाय जुळवून, एक पाऊल अर्धें पुढें ठेवून, टांचेला आंगठा लावून, आणि शेवटीं एका पायावर, असें प्रत्येकीं १० सेकंद उभें राहावयाचें. तिसरी पायरी १० सेकंद टिकली नाहीं, तर सावध व्हावें. पामेला डंकन हिची १९९० सालची परीक्षा याहूनहि सोपी आहे. भिंतीशेजारीं उभें राहून, पाऊल न हलवतां, हात किती पुढें पोंचतो तें पट्टीनें मोजावयाचें. तो १५ सेंटिमीटरहि पोंचला नाहीं, तर धोका मोठा.

परंतु या बऱ्याच परीक्षा खुर्चीच्या देशांत जन्मास आल्या आहेत. ज्याचें जेवण पाटावर, भजन सतरंजीवर आणि झोंप जमिनीवरच्या अंथरुणांत, त्याची खरी कसोटी जमिनीवरून उठण्यांत असते. त्या दृष्टीनें ब्राझीलचे डॉक्टर क्लॉडिओ आराउजो यांची परीक्षा आपल्या घरांना अधिक जवळची वाटेल. जमिनीवर बसण्यास ५ आणि उठण्यास ५ असे १० गुण. हात, गुडघा यांचा जितके वेळां आधार घ्यावा तितके गुण वजा, आणि झोक गेला तर अर्धा वजा. ५१ ते ८० वर्षांच्या २००२ माणसांवरील त्यांचा अभ्यास २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांचे गुण अगदीं कमी, त्यांच्यांत पुढील वर्षांतील मृत्यूंचें प्रमाण अधिक आढळलें. यावरून एवढेंच घ्यावयाचें कीं जमिनीवर बसण्याची संवय वय झालें म्हणून एकाएकीं सोडूं नये. गुडघे साथ देत असतील तोंवर ती एक फुकटची तालीम आहे.

एकच माप सर्वांना लागत नाहीं, हें या शास्त्रांतील मोठें तत्त्व आहे. कॅनडांतील कॅथरिन बर्ग हिनें १९८९ सालीं १४ कृतींची आणि ५६ गुणांची एक मापनपद्धति तयार केली. ती वृद्धांना व अर्धांगवायूच्या रोग्यांना फार उपयोगी पडते. पण तीच एखाद्या धडधाकट हमालाला लावली, तर तो पैकींच्या पैकीं गुण मिळवून जाईल आणि त्याचा दोष लपूनच राहील. त्याला फोमच्या मऊ गादीवर डोळे मिटून उभें करावें लागतें. उलट, अर्धांगाच्या झटक्यानंतर ज्याला खाटेवर बसतांहि येत नाहीं, त्याची परीक्षा बसण्यापासूनच सुरू होते. कंपवाताच्या रोग्याला मागून खांद्यांना धरून एकदम ओढतात. निरोगी मनुष्य एकदोन पावलांत सांवरतो, रोगी लांकडासारखा मागें येतो. म्हणून परीक्षकानें त्याला झेलण्याची तयारी ठेवलीच पाहिजे. मुलांसाठीं बर्गच्याच मापाचें सौम्य रूप २००३ सालीं सिद्ध झालें. क्षयासाठीं स्ट्रेप्टोमायसिनसारखीं औषधें दीर्घकाळ घेतलेल्यांचे कधीं कधीं दोन्ही कान सारखेच निकामी होतात. त्यांना घेरी येत नाहीं, पण काळोखांत आणि उंचसखल जमिनीवर पाऊल ठरत नाहीं. त्यांची तक्रार भित्रेपणाची समजून हंसण्यावारीं नेणें हा अन्याय होय.

आणि येथेंच या विषयांतील खरी माणुसकीची गोष्ट येते. पुष्कळ वृद्ध आपलें पडणें लपवतात. सांगितलें तर कोणती शिक्षा होणार, हें त्यांना पक्कें ठाऊक असतें: शेतावर जाणें बंद, देवळांत जाणें बंद, 'आतां एका जागीं स्वस्थ बसा.' घरच्यांचा हेतु प्रेमाचा असतो. पण स्वस्थ बसल्यानें मांड्यांचें बळ जातें, बळ गेलें कीं तोल जातो, आणि भीतीनें आंखडलेलें पाऊल अधिकच अडखळतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या माहितीप्रमाणें जगांत दरसाल सुमारे ६ लाख ८४ हजार माणसें पडण्यामुळें मृत्यु पावतात. परंतु २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलित अभ्यासांत असेंहि दिसलें कीं, नियमित व्यायामानें वृद्धांचें पडणें सुमारे २३ टक्क्यांनीं कमी होतें. तेव्हां परीक्षेचा हेतु माणसाला खाटेला बांधणें हा नसून त्याला पुन्हां चालतें करणें हा आहे. मुंबईंत केईएम रुग्णालयांत व्यायामोपचाराचें शिक्षण १९५३ पासून चालू आहे. असे शिक्षित उपचारक परीक्षेच्या निकालावरून काठी कोणत्या हातांत, व्यायाम कोणता, आधार कोठें, हें ठरवून देतात.

घरानें करावयाचें तें थोडकें आहे. न्हाणीघरांत भिंतीला घट्ट कडी, वाटेंत रात्रीचा दिवा, पायांत टांच धरणारीं पादत्राणें, चष्मा आणि औषधें यांची वेळच्या वेळीं तपासणी. घरीं परीक्षा घेऊन पाहावयाची तर कोपऱ्यांत, आणि शेजारीं दुसरें माणूस उभें ठेवूनच घ्यावी. एकाएकीं तोल जाऊन त्याबरोबर बोलणें बोबडें झालें, तोंड वांकडें झालें किंवा एक हात लुळा पडला, तर कसलीहि परीक्षा घेत न बसतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तेथें मिनिटांना मोल आहे.

वृद्ध माणूस पडला तर 'वय झालें' असें म्हणून सर्वजण स्वस्थ होतात. पण वय हें निदान नव्हे. पडण्याला कान, डोळे, पाय, रक्तदाब, औषध किंवा ओली फरशी असें कांहीं ना कांहीं कारण असतें, आणि त्यांतील बरीचशीं कारणें दहा मिनिटांच्या परीक्षेंत सांपडतात. तीं दहा मिनिटें वडील माणसासाठीं काढलीं, तर बांधावरची त्याची वाट आणखी कांहीं वर्षें मोकळी राहील.