भरून आणतं कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, स्नायू दुखावला की आपण शेकतो, तेल लावतो आणि 'येईल भरून' म्हणतो. पण भरून आणतं कोण? मी बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. तरी या प्रश्नाचं उत्तर वाचलं आणि ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

१९६१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधले अलेक्झांडर मॉरो बेडकाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. स्नायूचा तंतू आणि त्यावरचं पातळ आवरण यांच्या मध्ये त्यांना चिमुकल्या पेशी बसलेल्या दिसल्या. त्यांनी नाव दिलं सॅटेलाइट सेल, म्हणजे उपग्रह पेशी.

एरवी या पेशी निजलेल्या असतात. तंतू फाटला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोडतोड साफ करायला येतात. इकडे उपग्रह पेशी जाग्या होतात, एकीच्या दोन, दोनींच्या चार होतात. बऱ्याचशा फाटक्या तंतूत मिसळतात किंवा एकमेकींना जुळून नवा तंतू घडवतात. काही मात्र आपल्या जागी परत जाऊन निजतात, पुढच्या दुखापतीसाठी.

वय वाढलं की त्यांची संख्या घटते आणि उरलेल्या उशिरा जाग्या होतात. मग थकतं कोण? पेशी, की त्यांना हाक मारणारं शरीर?

२००५ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी एक म्हातारा आणि एक तरुण उंदीर असे जोडले की दोघांत एकच रक्त फिरावं. मग म्हाताऱ्याचा स्नायू जखमी केला. तो तरुण स्नायूसारखा भरून आला आणि काम केलं ते मुख्यतः म्हाताऱ्याच्याच पेशींनी. त्या संपल्या नव्हत्या, हाक क्षीण झाली होती. अर्थात पेशीही आतून झिजतात, हे पुढच्या संशोधनात दिसलंच. आणि म्हणून कुणी तरुणांचं रक्तद्रव टोचून घ्यायला धावू नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये तसा स्पष्ट इशारा दिला आहे.

मग आपल्या हाती काय आहे? १९९० साली बॉस्टनमध्ये एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला. त्यांचं सरासरी वय होतं नव्वद. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली. यात मज्जातंतूंचाही मोठा वाटा असतो, सगळं श्रेय उपग्रह पेशींना देता येणार नाही. पण नव्वदीतलं शरीरही हाकेला ओ देतं, एवढं नक्की.

हे सांगायचं कारण आमच्या मोहल्ल्यात रोज दिसतं. म्हातारं माणूस तापातून उठलं की घरचे म्हणतात, 'अब्बा, तुम्ही आता उठूच नका.' ताट पलंगावर, पाणी हातात. माया खरीच. पण आठ-दहा दिवसांच्या अंथरुणानेही म्हाताऱ्या पायांचं मांस उतरतं, मग तोल जातो, माणूस पडतं आणि अंथरूण कायमचं होतं.

तेव्हा डॉक्टरांना विचारा, जेवणात डाळ, दूध, अंडं आहे ना ते पाहा आणि अब्बांच्या कोपराला आधार देऊन त्यांना खुर्चीतून उठवा. आज दोनदा उठतील, पुढच्या आठवड्यात पाचदा. ताट तेवढं पलंगावर नेऊ नका, त्यांना ताटापर्यंत येऊ द्या.