स्मृतींची वही
आजोबांचे दोन बाय तीन इंचांचे जुने छायाचित्र संगणकावरील स्मृतिवहीत लावावयाचे असेल, तर ते इंचास 600 बिंदूंनी स्कॅन करावे. म्हणजे इंचास 300 बिंदूंनी छापताना चार बाय सहा इंचांचे होऊनही ते स्पष्ट राहते. मूळ प्रत जपून ठेवून सारे संस्कार दुसऱ्या प्रतीवर करावेत. कागदावरील डाग पुसावेत. चेहऱ्यावरील सुरकुत्या पुसू नयेत, त्या आजोबांच्याच आहेत. मजकुरास दोनच टंक पुरेत. देवनागरी अक्षरांतील अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते; ओळींतील मात्र वाढवावे, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांस भिडत नाहीत. आणि छायाचित्रामागे कोणी नाव-गाव लिहिले असल्यास तेही स्कॅन करून शेजारी लावावे. नावावाचून चेहरा दोन पिढ्यांत परका होतो.