गावाची वयोरचना आणि उद्याची लोकसंख्या
(शिक्षक संमेलनात दिलेले भाषण)



वीस वर्षांनंतर आपल्या गावात किती माणसे असतील, असे एखाद्या पालकाने विचारले, तर आपण बहुधा हसून म्हणाल, की भविष्य कोणी पाहिले आहे? परंतु या प्रश्नाचे अर्धेअधिक उत्तर आपल्याच कपाटात, शाळेच्या जनरल रजिस्टरात आहे. पुढील वीस वर्षांत ज्या स्त्रिया माता होणार, त्यांपैकी बहुतेक आज जन्मलेल्या आहेत. कोणी पाळण्यात आहे, कोणी आपल्या वर्गात पाटी घेऊन बसली आहे. म्हणून लोकसंख्येचा अंदाज बांधणारा केवळ माणसे मोजीत नाही. तो त्यांची वये विचारतो.

फळ्यावर मांडण्याजोगे एक उदाहरण घेऊ. दोन गावे आहेत, प्रत्येकी १००० वस्तीची. पहिल्या गावात १५ वर्षांखालील मुले ४००, तर साठी उलटलेले ६०. दुसऱ्यात मुले २०० आणि वृद्ध १५०. दोन्ही गावांत प्रत्येक स्त्रीस दोनच अपत्ये होतील आणि गावात कोणी येणार-जाणार नाही, असे धरू. पहिल्या गावातील ४०० मुलांत सुमारे २०० मुली. त्या मोठ्या होऊन ४०० बालकांना जन्म देतील. वृद्ध मुळातच थोडे, म्हणून मृत्यूही बराच काळ थोडेच होतील. गाव वाढतच राहील. दुसऱ्या गावात १०० मुलींची २०० बालके होतील. तेथे मृत्यू जन्मांना लवकरच गाठतील. आजची संख्या एक, अपत्ये तितकीच. परंतु भवितव्य निराळे.

हेच आपल्या देशात घडले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील एका स्त्रीमागे सरासरी अपत्ये १९९२-९३ मध्ये ३.४ होती, २०१९-२१ मध्ये ती २.० झाली. एका पिढीची जागा दुसऱ्या पिढीने भरून काढण्यास सुमारे २.१ लागतात. तरीही देशाची लोकसंख्या वाढतच राहिली, आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये भारताने चीनला मागे टाकले. याचे कारण असे, की अधिक जन्मांच्या काळातील मुले आता स्वतः आईबाप होत आहेत. भरधाव गाडीच्या बैलांचे कासरे ओढले, तरी गाडी जागच्या जागी थांबत नाही. तसेच हे आहे.

परंतु कासरे ओढले गेले आहेत, हेही वयाचे आकडेच सांगतात. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६९ लक्षांवरून ११ कोटी २४ लक्षांवर गेली. मात्र सहा वर्षांपर्यंतची बालके १ कोटी ३७ लक्षांवरून १ कोटी ३३ लक्षांवर आली. घरातील उतरंडीत मोठे मडके तळाशी असते. आपल्या उतरंडीचे तळचे मडके लहान होऊ लागले आहे. याच बालिका २०३१ च्या सुमारास विशीत असतील. तेव्हा माता होणाऱ्यांची संख्या कोणत्या दिशेने जाईल, हे आजच कळते. पहिलीचा पट घटताना पाहून आपण पुष्कळदा स्वतःस किंवा शेजारच्या शाळेस दोष देतो. त्याचे एक कारण या उतरंडीतही शोधावे.

मात्र एक सावधगिरी हवी. वयोरचना येण्याजाण्याचा हिशेब सांगत नाही. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या काळात घटली. नोकरीधंद्यासाठी तरुण मंडळी मुंबई-पुण्याकडे गेली, याचा त्यात मोठा वाटा आहे. तरुण गेला, की त्याच्या घरी हलणारा पाळणाही त्याच्यामागून जातो.

आता आपल्या हातातील गोष्ट. वरच्या वर्गातील मुलांकडून गावाचा लोकसंख्या मनोरा काढून घ्यावा. पाच-पाच वर्षांचे गट पाडावेत. डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया. गणित आणि भूगोल दोन्ही साधतील.

परंतु मनोरा खरा ठरावयाचा, तर वये खरी हवीत. जन्मतारीख ठाऊक नसली, की १ जून लिहून टाकण्याची आपली जुनी रीत आहे. माझ्या लेखणीनेही अशा कित्येक मुलांचा जन्म १ जूनला करून ठेवला, हे मी येथे कबूल करतो. वडीलधारी मंडळीही वय विचारले असता चाळीस, पन्नास असे ठोकळ आकडे सांगतात. २०२१ ची लांबलेली जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून करण्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. प्रगणक म्हणून उंबऱ्याशी बहुधा आपणच उभे असतो. त्या वेळी घाई न करता जन्मदाखला पाहावा. तो नसेल तर थोरल्या-धाकट्या भावंडांच्या अंतरावरून वय काढावे.

आपण वयाच्या रकान्यात जे लिहू, त्यावरून उद्या वर्ग, दवाखाना आणि वृद्धांचा आधार यांची योजना होईल. तो रकाना सत्याने भरावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.