मोटारीची जिल्हई

दसऱ्याच्या दिवशीं शहरांतील कोणत्याहि रस्त्यानें फेरी मारली, तर दारोदार उभ्या असलेल्या मोटारींवर झेंडूच्या माळा आणि हळदकुंकवाचीं बोटें दिसतात. शस्त्रपूजेचा मान आतां वाहनांकडेहि आला आहे; आणि पूर्वीं ज्याप्रमाणें तलवार जिल्हईसाठीं शिकलगाराच्या हातीं जात असे, त्याप्रमाणें आज कित्येक घरांतील मोटार सणाच्या आधीं गॅरेजांत जाते. तेथें तिला 'रबिंग-पॉलिश' होतें, सायंकाळीं ती आरशासारखी चकचकीत होऊन घरीं येते, आणि यजमान संतुष्ट होतात. दुसऱ्या दिवशीं दुपारच्या उन्हांत मात्र त्याच बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखीं वर्तुळें आणि धुरकट पट्टे दिसूं लागतात. मग पुढल्या वर्षीं पुन्हां रबिंग. असे कांहीं दसरे गेले, कीं एके दिवशीं बॉनेटच्या धारेवर नखाएवढा निस्तेज डाग उमटतो. तो घासून जात नाहीं, उलट वाढतो. त्या जागेवरचें रंगाचें कवच संपलेलें असतें, आणि तें परत आणण्याचा उपाय कोणत्याहि डब्यांत मिळत नाहीं.

हें नुकसान घडतें तें बहुधा पॅड आणि कंपाउंड यांच्या अविचारी निवडीमुळें. ही निवड कशी करावी, हा या भाषणाचा विषय आहे. परंतु ज्यावर हीं साधनें चालवावयाचीं तें कवच कसें आहे, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

मोटारीच्या पहिल्या काळांत तिला घोडागाडीप्रमाणें ब्रशानें व्हार्निश लावीत, व तें वाळण्यास आठवडेच्या आठवडे लागत. 1923 सालीं अमेरिकेंत ड्युपाँ कंपनीचें 'ड्यूको' हें लवकर वाळणारें लॅकर मोटारींसाठीं बाजारांत आलें, आणि हें काम वेगानें होऊं लागलें. या लॅकरची झळाळी उन्हापावसानें मंद होई व ती घासून परत आणावी लागे. रबिंग कंपाउंडाची संवय मोटारवाल्यांना त्या काळापासूनची आहे. पुढें 1980 च्या दशकापासून रंगाची रचना पालटली. आज बहुतेक मोटारींच्या पत्र्यावर प्रथम गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांवर पारदर्शक 'क्लिअर कोट' असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कारखान्यांत दिलेल्या या चारी थरांची एकूण जाडी साधारणतः 100 ते 150 मायक्रॉन भरते, आणि त्यांतील क्लिअर कोट केवळ 35 ते 50 मायक्रॉनांचा, म्हणजे बहुधा माणसाच्या केसाहूनहि पातळ असतो. उन्हांतील अतिनील किरण शोषून खालच्या रंगाचें रक्षण करणारीं द्रव्यें याच पडद्यांत असतात. ज्याला लोक मोटारीचा रंग घासणें म्हणतात, तें वस्तुतः या पडद्याला घासणें होय.

ओरखडा म्हणजे या पडद्यांत पडलेली चर. ती भरून येत नाहीं. तिच्या दोन्ही अंगांचा पृष्ठभाग खालीं आणून तिच्या तळाशीं समतल केला, म्हणजे चर नाहींशी झाली असें दिसतें. म्हणजेच प्रत्येक जिल्हई ही वजाबाकी आहे. सोनाराकडे दागिना उजळावयास दिला कीं त्याचें वजन रतिभर तरी घटतें, आणि मुलामा दिलेलें भांडें रोज राखेनें घासलें कीं आंतली धातु उघडी पडते, हें गृहिणींना सांगावयास नको. मोटार हें अशाच मुलाम्याचें भांडें आहे. या खात्यांत मुद्दल एकदांच जमा होतें. नंतर केवळ खर्च पडत जातो. म्हणून निवडीचा प्रश्न 'सर्वांत जास्त चमक कशानें येईल' असा नसून 'सर्वांत कमी खर्चांत पुरेशी चमक कशानें येईल' असा आहे.

आतां साधनांकडे वळावें. कंपाउंड म्हणजे तेल, पाणी इत्यादि द्रवांत कालवलेले कठीण पदार्थाचे सूक्ष्म कण. आजच्या बहुतेक चांगल्या कंपाउंडांत अॅल्युमिनियम ऑक्साइड असतें. कुरुंदाचा दगड हें त्याचेंच नैसर्गिक रूप; माणिक व नीलम हीं त्याचींच भावंडें. काठिण्याच्या मोहस-मापांत हिऱ्याचा आंकडा 10 आणि याचा 9 आहे. कण मोठे असले कीं द्रव्य अधिक कापतें व मागें स्वतःचे बारीक ओरखडे ठेवतें. त्यास बाजारांत 'कटिंग कंपाउंड' म्हणतात. त्याहून बारीक कणांचें तें 'पॉलिश', आणि अतिशय बारीक कणांचें 'फिनिशिंग पॉलिश'. कांहीं कंपाउंडांचे कण घासतां घासतां फुटून बारीक होतात. त्यांच्या बाबतींत काम अर्धवट सोडलें, तर पृष्ठभाग धुरकट राहतो. कांहींचे कण अखेरपर्यंत तसेच राहतात. तेथें वेळेपेक्षां दाबावर व पॅडवर परिणाम अवलंबून असतो. बाटलीवरील सूचना वाचल्यावांचून हा भेद समजत नाहीं. याखेरीज कांहीं द्रव्यांत ओरखडे बुजविणारीं तेलें किंवा सिलिकोन असतात. त्यांनीं चर झांकली जाते, निघत नाहीं. चार धुण्यांत पडदा उठतो आणि मूळ रूप दिसूं लागतें. गॅरेजांतील सायंकाळची झळाळी पुष्कळदां या जातीची असते.

पॅडाचें महत्त्व द्रव्याहून तसूभरहि कमी नाहीं, आणि येथेंच ग्राहकाची विशेष फसगत होते. लोकरी पॅड सर्वांत जोरानें कापतो; त्याच्या केसांमधून हवा खेळत असल्यामुळें तो तुलनेनें कमी तापतो, परंतु मागें रेघा ठेवतो. मायक्रोफायबरचा पॅडहि कापण्यांत लोकरीच्या जवळ जाणारा. मऊ क्लिअर कोटावर तो धूसरपणा ठेवतो. पॉलियुरेथेनच्या फोमचे पॅड टणक, मध्यम व मऊ अशा तीन प्रतींचे मिळतात. टणक कापतो, मध्यम उजळतो आणि मऊ शेवटचा हात फिरवितो. पॅडाच्या रंगावर मात्र विसंबूं नये. एका कारखान्याचा नारिंगी पॅड दुसऱ्याच्या निळ्या पॅडाएवढा मऊ असूं शकतो; रंगांचा सर्वमान्य संकेत नाहीं. बोटानें दाबून पाहावें आणि कारखान्याचा तक्ता वाचावा.

पॅड आणि द्रव्य यांची जोडी जमली, म्हणजे शक्ति ठरते. तेंच कंपाउंड मऊ फोमवर सौम्य होतें व लोकरीवर उग्र. म्हणून घरगुती कामाला दहा बाटल्यांची गरज नसते. एक पॉलिश व एक कंपाउंड, त्यांच्या जोडीला एक मऊ व एक टणक प्रतीचा फोम, इतक्यावर चार निरनिराळ्या शक्ति हातीं येतात. पॅड मात्र प्रत्येक प्रतीचे अनेक असावेत. कारण पॅड भरून व तापून जातो, आणि एका मोटारीस एकाच प्रतीचे चार-सहा पॅड लागणें अस्वाभाविक नाहीं. ज्या पॅडावर एकदां कंपाउंड घेतलें, त्यावर पुढें बारीक पॉलिश घेऊं नये. मागें राहिलेला एक मोठा कणहि सारें काम बिघडवितो.

यंत्रें दोन जातींचीं. केवळ गोल फिरणारें 'रोटरी' यंत्र एकाच जागीं उष्णता सांचवितें. कसबी कारागिराच्या हातीं तें लवकर काम उरकतें, नवख्याच्या हातीं तें धार जाळतें. उन्हांत दिसणाऱ्या त्या धुरकट पट्ट्यांचा उगम बहुधा याच यंत्रांत असतो. दुसरें 'ड्युअल अॅक्शन' यंत्र. त्याचा पॅड फिरतांफिरतां लंबकेंद्री झोकेहि घेतो, दाब वाढला कीं थांबतो, आणि त्यामुळें चुकीची शिक्षा सौम्य होते. ज्या घरीं हें काम हौसेनें करावयाचें, तेथें दुसऱ्या जातीचेंच यंत्र असावें.

आतां निवडीची खरी रीत. गाडी प्रथम भरपूर पाण्यानें धुवावी. मग डिटेलिंगच्या मातीनें, म्हणजे 'क्ले'नें, पृष्ठभागाला चिकटलेले कण ओढून काढावे. कण तसेच राहिले तर पॅडच त्यांना घेऊन नवे ओरखडे पाडील. नंतर बॉनेटवर चिकटपट्टीनें सुमारें दोन फूट लांब व तितकाच रुंद असा चौकोन आंखून घ्यावा, व त्यावर सर्वांत सौम्य जोडी, म्हणजे मऊ पॅड व बारीक पॉलिश, वापरून पाहावी. नव्या पॅडाला प्रथम पातळ लेप द्यावा आणि मग वाटाण्याएवढे चार थेंब पुरेत. यंत्र सावकाश, एकमेकांवर अर्धे येणाऱ्या उभ्या-आडव्या पट्ट्यांनीं फिरवावें. मग पुसून, आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी यांच्या मिश्रणानें तेल उतरवावें, आणि दिव्याच्या प्रकाशांत तो चौकोन पाहावा. ओरखडे सर्व दिशांनीं असले, तरी दिव्याचा प्रकाश डोळ्यांकडे परतविणारे तेवढेच दिसतात. त्यामुळें ते जाळें दिव्याभोंवतीं वर्तुळाकार भासतें. दिवा हलविला, तरच संपूर्ण स्थिति कळते.

जाळें गेलें असेल तर हीच जोडी संपूर्ण गाडीस पुरेशी आहे. त्याहून उग्र साधनाला हात लावूं नये. गेलें नसेल तर एकच पायरी चढावी: आधीं पॅड मध्यम करावा व पॉलिश तेंच ठेवावें. त्यानेंहि न भागलें तर कंपाउंड घ्यावें. कंपाउंडानें काम झाल्यास त्याच्या मागें राहणारा धूसरपणा मऊ पॅड व पॉलिशनें काढावा. असे एक-एक पायरीनें चढणें हीच सगळी युक्ति आहे. बहुतेक चुका वरच्या पायरीवरून सुरुवात केल्यानें होतात. सर्वच गाड्यांचा क्लिअर कोट सारखा कठीण नसतो. एका गाडीवर यशस्वी ठरलेली जोडी शेजारच्या गाडीवर निष्फळ किंवा घातक ठरूं शकते. म्हणून शेजाऱ्याच्या शिफारशीपेक्षां हा दोन फुटांचा चौकोन अधिक विश्वसनीय समजावा.

कांहीं सावधगिऱ्या अवश्य आहेत. धारा, कोपरे व दारांच्या कडा यांवर थर स्वभावतःच पातळ असतो. तेथें चिकटपट्टी लावावी, किंवा पॅड तेथें अगदीं हलक्या हातानें न्यावा. प्लॅस्टिकचे बंपर उष्णता लवकर वाहून नेत नाहींत. ते लौकर तापतात. हाताला पृष्ठभाग फार ऊन लागला तर थांबावें. उन्हांत किंवा तापलेल्या बॉनेटवर काम करूं नये. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशानें झाडावा. ज्यांना साधन मिळेल त्यांनीं जाडीमापक यंत्र लावून पाहावें. त्यावर 200 मायक्रॉनांहून बराच मोठा आंकडा दिसला तर तेथें पूर्वीं रंगकाम झालें असण्याचा संभव असतो. तथापि तें यंत्र थरांची एकूण जाडी सांगतें, क्लिअर कोट किती उरला हें सांगत नाहीं. आणि पॅडावर गाडीचाच रंग उतरूं लागला, तर एक तर गाडीवर क्लिअर कोट नसलेला एकेरी रंग आहे, किंवा क्लिअर कोट संपला आहे. दुसरा संभव असल्यास यंत्र तात्काळ बाजूला ठेवावें.

कोणता ओरखडा काढूं नये, हें ठरविणें सर्वांत अवघड. नख हळुवार फिरवितांना जर अडकलें, तर ती चर पॉलिशच्या आवांक्यापलीकडची असण्याचा संभव फार. तिला पूर्ण काढण्याचा अट्टाहास केला, तर भोंवतालचें कवच उडून जातें. तिच्या कडा मऊ करून ती कमी दिसेलशी करावी व तेवढ्यावर समाधान मानावें. चर तेथेंच राहिली तरी क्लिअर कोट शाबूत राहतो, आणि उन्हापासून रंगाचें रक्षण करण्याचें काम तो पुढेंहि करीत असतो. जिल्हईनंतर मेणाचा, सीलंटचा किंवा सिरॅमिक लेपाचा थर द्यावा. तो ओरखडे काढीत नाहीं, परंतु घाण सहज धुतली जाण्यास साहाय्य करतो.

शेवटीं हे ओरखडे येतात कोठून, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. रोज सकाळीं कोरड्या फडक्यानें गाडी झटकणारा हात, तीच बादली, तेंच फडकें आणि त्यांत मिसळलेली रस्त्याची धूळ, हेंच त्यांचें मुख्य उगमस्थान. धुळींतील वाळूचे कण काचेहूनहि कठीण असतात. फडकें फिरविण्यापूर्वीं भरपूर पाणी ओतणें, एका बादलींत साबणाचें व दुसऱ्या बादलींत फडकें खळबळण्याचें पाणी ठेवणें, आणि पुसण्यासाठीं स्वच्छ मायक्रोफायबर वापरणें, एवढ्या तीन गोष्टींनीं पुढल्या दसऱ्याचें रबिंग बव्हंशीं टळतें. आणि जें रबिंग टळतें, त्याचा लाभ चमकेपेक्षां मोठा आहे. कारण कांहीं वर्षांनंतर मोटारीचा रंग किती उरला, हें तिला किती वेळां चमकविलें यापेक्षां किती वेळां घासल्यावांचून सोडली यावरच अधिक अवलंबून असतें.