फवारणीचा हंगाम आणि वैद्यकाची लेखणी



वैद्यांच्या परिषदेचे स्वागताध्यक्षपद एका वकिलाच्या पदरात टाकण्यात संयोजकांचा कोणता हेतू असावा, याचा मी पुष्कळ विचार केला. आणि वर्गणीची पावतीपुस्तके फिरविण्याचा निगरगट्टपणा वैद्यांपेक्षा वकिलांच्या अंगी अधिक असतो, या त्यांच्या अनुभवसिद्ध मतापाशी येऊन थांबलो. ते काहीही असो, त्या निमित्ताने आपणां सर्वांचे या यवतमाळ नगरीत मनःपूर्वक स्वागत करण्याचा मान मला लाभला, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

वर्धा आणि पैनगंगा या नद्यांनी वेढलेला हा काळ्या मातीचा मुलूख. वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी १९३० साली पुसदच्या रानात गवत कापून जंगलचा कायदा मोडला तो येथेच, आणि ज्यांचे नाव आमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला दिले आहे ते वसंतराव नाईक याच जिल्ह्यातल्या गहुलीचे. कळंबच्या चिंतामणीचे दर्शन घेण्याची ज्यांची इच्छा असेल त्यांच्यासाठी उद्या पहाटे गाडीची तजवीज केलेली आहे. स्थानमाहात्म्य इतके पुरे. कारण जगाच्या वैद्यकीय आणि न्यायालयीन दप्तरांत या जिल्ह्याचे नाव अलीकडे ज्या कारणाने चढले, ते अभिमानाने सांगावे असे नाही, आणि आपल्यासारख्यांसमोर ते झाकून ठेवणे तर त्याहून गैर.

आपल्या परिषदेचा विषय जागतिक आरोग्याचे प्रश्न आणि वैद्यकाची प्रगती हा आहे. ज्या संशोधनातून करोनाची लस निघाली त्याला २०२३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी पुण्यात तयार होणाऱ्या मलेरियाच्या लसीला जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. आणि आमच्या आदिवासी वस्त्यांना पिढ्यान्‌पिढ्या छळणाऱ्या सिकलसेलवर जनुकात दुरुस्ती करणारा उपचार इंग्लंड-अमेरिकेत मंजूर झाला, जरी त्याची किंमत ऐकून श्रीमंत देशांच्या सरकारांनाही घाम फुटतो. या विषयांवर आपण अधिकारवाणीने बोलालच. मला मात्र अशा एका व्याधीविषयी, कीटकनाशकांच्या विषबाधेविषयी, चार शब्द बोलावयाचे आहेत, जिच्या बाबतीत गेल्या तीस वर्षांतली सर्वांत मोठी प्रगती कोणत्याही रुग्णालयात घडलेली नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात पऱ्हाटी माणसाच्या डोक्याशी लागली होती, हवा दमट होती, पांढऱ्या माशीसारख्या रसशोषक किडींचा उपद्रव होता, आणि गुलाबी बोंडअळी बीटी वाणाला जुमानीनाशी झाली होती. तोंडाला दुपट्टा बांधलेला, अनवाणी मजूर पाठीवर पंप घेऊन, नळी खांद्याच्या वर धरून त्या दाट पिकात शिरत असे, आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवून केलेला तो बारीक तुषार पानांपेक्षा त्याच्याच तोंडावर, छातीवर नि भिजलेल्या सदऱ्यावर अधिक बसत असे. त्या हंगामात या एका जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मृतांच्या दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांनी पुढे २०२१ साली कीटकनाशक बनविणाऱ्या कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमध्ये, बाझल येथे, दाद मागितली. आमच्या पांदीतली गोष्ट तेथवर गेली, ती अशी.

ही द्रव्ये मुळात आली कोठून, हे पाहणे उद्बोधक आहे. गेरहार्ड श्राडर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ १९३० नंतरच्या दशकात कीटकनाशके शोधीत असता त्याच्या हाती टाबुन व सारिन ही युद्धात वापरावयाची विषे लागली. सेंद्रिय फॉस्फरसाची शेतीतली औषधे त्यांचीच भावंडे. ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर त्यांच्यामुळे निकामी होते, मज्जातंतूंचा संदेश थांबावयाचा तेथे थांबत नाही. लाळ, घाम, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, छातीत दाटलेला स्राव आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे, हा क्रम मी आपणांस सांगणे म्हणजे गुरवाला देवळाची वाट दाखविणे होय. यावरचा प्रमुख उतारा जो ॲट्रोपिन, तो आमच्या गावकुसाबाहेर उगवणाऱ्या धोतऱ्यातही असतो, ही सृष्टीची एक चमत्कारिक सोय म्हणावयाची. पण रोगी सावरला असे वाटत असता एक ते चार दिवसांत पुन्हा श्वास अडतो, असा एक टप्पा श्रीलंकेच्या वैद्यांनी १९८७ साली वर्णिला. आणि डायफेन्थियुरॉनसारखे द्रव्य तर या वर्गातलेच नव्हे, त्याला विशिष्ट उतारा नाही. म्हणूनच आमच्या अपघात विभागातला डॉक्टर नाडीवर बोट ठेवता ठेवताच विचारतो, ‘डबा आणला का?’ आणि बहुधा डबा वावरातच राहिलेला असतो. तो आणलाच तर त्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. खालच्या त्रिकोणात रंग, वरच्यात इशारा, आणि शेजारी इतकी बारीक अक्षरे की धड डोळ्यांनाही ती दिव्याखाली धरावी लागतात.

आता त्या प्रगतीकडे वळतो. श्रीलंकेत १९९५ साली आत्महत्यांचे प्रमाण दर लाखास ४७ पर्यंत चढले होते, आणि त्यांत मोठा वाटा कीटकनाशकांचा होता. त्या राज्याने अतिविषारी वर्गातली औषधे, त्यांत मोनोक्रोटोफॉसही आले, एकामागून एक बंद केली. पुढील दहा वर्षांत ते प्रमाण निम्म्यावर आले, भाताचे उत्पन्न घटले नाही, आणि १९९५ ते २०१५ या काळात सुमारे ९३,००० प्राण वाचले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कोणत्याही नव्या उताऱ्याने हे साधलेले नाही; ते साधले राजपत्रातल्या हुकुमांनी. आणि ते हुकूम निघाले, कारण कोणत्या औषधाने किती माणसे मरतात याचा हिशेब तेथल्या वैद्यांनी रुग्णालयाच्या खाटांवरून जमविला होता.

येथे वकिलाची जीभ सैल होते, क्षमा असावी. केरळात १९५८ साली पॅराथिऑनने दूषित झालेले अन्न खाऊन शंभरावर माणसे मेली, त्यानंतर चौकशी होऊन १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आला. त्याचे कलम २६ सांगते की, कीटकनाशकामुळे झालेल्या विषबाधेची प्रत्येक घटना कळविण्याचे बंधन राज्य सरकार अधिसूचनेने घालू शकते. आणि कलम २७ सांगते की, अशा खबरीवरून अथवा अन्यथा, चौकशी चालू असेतोवर सरकार त्या औषधाची विक्री व वापर ६० दिवस, आणि फार तर आणखी ३० दिवस, थांबवू शकते. आमच्या पऱ्हाटीचा फवारणीचा हंगाम याहून लांब असतो, हे मसुदा करणाऱ्याच्या ध्यानी आले नसावे. कायमची मनाई दिल्लीच्या हाती. तरीही पहिले पाऊल खबरीचे आहे, आणि ती खबर तलाठ्याच्या किंवा ठाणेदाराच्या लेखणीपेक्षा आपल्या लेखणीतून उतरली तर तिचे वजन निराळे पडते. ‘अज्ञात विषबाधा’ एवढाच शेरा मारून कागद बंद झाला, तर त्याच्या आधारावर सरकारकडे काय मागावे?

सुरक्षेचे हातमोजे आणि मुखवटे वाटून हा प्रश्न सुटेल, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. भादव्यातल्या उकाड्यात ते घालून एकदा पऱ्हाटीत उभे राहून पाहावे. मजुराला रोज हवा असतो, आणि शेतकऱ्याला उधारीवर जे मिळते तेच तो फवारतो.

उद्या दुपारच्या खुल्या अधिवेशनात एक ठराव येणार आहे : फवारणीच्या हंगामात प्रत्येक विषबाधेची नोंद ठरावीक नमुन्यात व्हावी, औषधाचे नाव व घटक त्यात लिहिले जावेत, कोलिनेस्टरेजची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी मिळावी, आणि ती नोंद दर आठवड्यास जिल्हाधिकारी व कृषिखाते यांच्याकडे जावी. मसुदा माझा आहे; त्यातली कचेरीची भाषा आपण हवी तेवढी छाटा, फक्त डब्यावरच्या नावाचा रकाना तेवढा राहू द्या. निवासाच्या व्यवस्थेत काही उणे भासल्यास ते स्वागतसमितीच्या खात्यावर मांडावे. उद्घाटकांना मी आता परिषदेचे उद्घाटन करण्याची विनंती करतो.