गाठ कशात ठेवली?

(अकोला येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



जनुक म्हणजे काय, हे इथे नव्याने सांगत नाही; समोर शिक्षक बरेच दिसताहेत. आपल्या सतराव्या गुणसूत्रावर हर-टू नावाचं जनुक आहे. त्यावरून पेशीच्या पृष्ठभागावरचा एक रिसेप्टर बनतो. दारावरच्या बेलसारखा तो वाढीचा निरोप आत पोचवतो. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पंधरा-वीस जणींत या जनुकाच्या दोनाऐवजी कितीतरी प्रती होतात आणि पेशी थांबायचं नाव घेत नाही.

या जनुकाच्या शोधाची सुरुवात एका उंदराच्या गाठीतून झाली. अमेरिकेत वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत लक्ष्मीचरण पाढी काम करत होते, पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेले. (टाळ्या) १९८२ साली त्यांना या जनुकाच्या प्रथिनाचा माग लागला, तोही उंदराच्याच रक्तातल्या प्रतिपिंडांनी. प्रतिपिंड हातात होतं. त्याचं औषध करावं, हे तेव्हा तिथे कुणाला सुचलं नाही. १९८५ मध्ये माणसातलं जनुक मिळालं. १९८७ मध्ये स्लेमन यांनी हे जनुक वाढलंय का ते पाहायला १८९ जणींच्या स्तनाच्या गाठी तपासल्या. त्या गाठी कुणीतरी नीट जपल्या होत्या, म्हणून तपासता आल्या! १९९८ मध्ये हर-टूवरचं औषध, ट्रास्टुझुमॅब, बाजारात आलं. २०१४ पासून भारतीय कंपनीचंही मिळतं.

औषधाबद्दल पुष्कळ बोलता येईल, पण मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि माझं म्हणणं एकच: हे औषध कुणाला द्यायचं ते गाठ सांगते, आणि आपण गाठीचेच हाल करतो.

दर्यापूरकडचे एक काका सलाईनच्या बाटलीत बायकोची गाठ घेऊन एसटीने आले. ऑपरेशन आदल्या दिवशी सकाळी झालेलं. सलाईनमध्ये ऊतक टिकत नाही, सडू लागतं; ते फॉर्मेलिनमध्ये ठेवावं लागतं. मी विचारलं, फॉर्मेलिन? ते म्हणाले, "बाई, कशात न्यावं, हे कोनी सांगतलंच नाही." तपासणी केली; निकाल भरवशाचा येईना. पुन्हा घ्यायला गाठ उरली नव्हती. त्या माउलीला औषध लागू पडलं असतं की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही.

(प्रेक्षकांतून: "लॅबवालेही चुकतात, मॅडम!") चुकतात, नक्की चुकतात. पुढच्या रांगेतल्या सर्जन मित्रांनीही रागावू नये. रात्री अडीचला ऑपरेशन करणाऱ्याचे कष्ट मला ठाऊक आहेत. पण दहा टक्के फॉर्मेलिनचा डबा काही महाग नाही. (हशा)

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. रिसेप्टरच्या जोड्या आणि हृदयावरचे परिणाम सोडून देते. एवढंच लक्षात ठेवा की उपचारात हृदयाचा इको चुकवायचा नाही.

घरात कुणाची गाठ काढायची असेल तर आधीच विचारा: फॉर्मेलिन तयार आहे का? गाठीच्या दहापट हवं, आणि तासाभराच्या आत गाठ त्यात जायला हवी. मोठी असेल तर काप देऊन, कारण फॉर्मेलिन हळूहळू मुरतं. अहवालात हर-टूचा आकडा बघा. तीन अधिक (३+) असेल तर औषधाचं विचारा. दोन अधिक (२+) असेल तर तिथे थांबू नका, जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी मागा. आणि गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक लॅबकडून मागून घ्या, फाइलसोबत घरी ठेवा. मुंबईला टाटा रुग्णालयात जायची वेळ आली तर पहिल्यांदा तोच मागतात.